विसरवाडीच्या लग्नात तुटलेली तार

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. आयुष्यभर शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. अंगात येणं, करणी, मूठ मारणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की माझे दोनच प्रश्न असायचे — किती वाजले होते, आणि तिथे आणखी कोण होतं? म्हणून माझी हकीगतही तशीच सांगतो. तुम्हीच ठरवा.

साल सदुसष्ट, मे महिना. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. मी ब्राह्मणपुरीचा, गुजर शेतकऱ्याच्या घरातला. वय बावीस. कॉलेज संपवून शेतीत लक्ष घालायचं सोडून मी नंदुरबारच्या एका लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवत होतो. वडील माझ्याशी जवळजवळ बोलतच नव्हते.

मला गिटार शिकवली एकनाथ मास्तरांनी. मास्तर मुळात क्लॅरिनेटवाले. एकदा सायकलवरून पडले आणि पुढचे चार दात गेले. क्लॅरिनेट फुंकणं संपलं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. मास्तरांनी सुरतेहून एक जुनी गिटार आणली, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तिला तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवून घेतला, लाऊडस्पीकरच्या बॅटरीवर ती जोडली आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस वर्षभरात वरातीत सोलो वाजवायला लागला!

त्यांचा सोलो शेजारच्या गल्लीतूनही ओळखू यायचा. का, ते मला फार उशिरा कळलं. मी रेडिओवर परदेशी रॉक अँड रोलची गिटार ऐकायचो आणि तशी धाड धाड बोटं पळवायचो. मास्तर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोटे तं पयाडस भो, पन दम कथा लेस? मानूस शेस का इंजिन?" बोटं पळवतोस, पण श्वास कुठे घेतोस, असं विचारायचे.

गंमत अशी की गिटारला फुंकर लागत नाही, पण मास्तर ती फुंकल्यासारखीच वाजवायचे. एका श्वासात जेवढं मावेल तेवढीच ओळ. श्वास संपत आला की शेवटचा सूर बारीक व्हायचा. मग थांबायचे... नाकाने श्वास घ्यायचे, तो ऐकू यायचा... आणि पुढची ओळ तालाच्या किंचित मागून उचलायचे. वरच्या सुरावर कधी सरळ जायचे नाहीत. खालचा सूर छेडून तार ढकलत ढकलत वर न्यायचे, क्लॅरिनेटवाला ओठ हळूहळू आवळत सूर चढवतो तशी. जलद तान अख्ख्या गाण्यात एकदाच. पण ती आली की नाचणारेसुद्धा थबकून बघायचे.

मी हे सगळं उचललं. कुठे किती मात्रा थांबतात ते वहीत लिहून पाठ केलं. तरी लोक म्हणायचे, "मास्तरसारखं वाजवतो." मास्तरसारखं, म्हणजे मास्तरांइतकं नाही! या एका शब्दाने मी पेटून उठायचो आणि आणखी दोन तास वाजवायचो.

त्या एप्रिलमध्ये मास्तरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. स्टेशनमागच्या खोलीत ते खाटेवर पडून असायचे. अनसूया मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चमच्याने पेज भरवायच्या. डोळे उघडे, पण ओळख दिसत नव्हती. डॉक्टरांनी मावशींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार आशा धरू नका.

इकडे बँडच्या मालकांनी ठरवलं की मास्तर नाहीत तर गिटारही नको, अकॉर्डियन आणू. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, विसरवाडीचं लग्न मला द्या. तिथे लोकांनी मला ऐकलं नाही तर मी स्वतः गिटार पेटीत बंद करून तुमच्या हातात देतो. मालक हो म्हणाले.

विसरवाडी नंदुरबारहून वीस-पंचवीस मैल. मांडव हायवेच्या अगदी कडेला होता, ट्रकचे हॉर्न सतत चालू. मी मनात पक्कं केलं होतं की मास्तरांचा सोलो हुबेहूब वाजवायचा, एक मात्रा इकडची तिकडे नाही. चार वाजता सुरतेकडची बस फाट्यावर येऊन उभी राहिली. उतरलेली माणसंही ऐकायला थांबली. मी सोलो उचलला. दोन ओळी झाल्या. तिसरीत पहिली तार, सगळ्यात बारीक, वर ढकलली... आणि ती ताडकन तुटली. बोटाला कापून गेली.

सगळं थांबलं. ढोलवाला माझ्याकडे बघतोय, मालक कपाळावर आठ्या घालून उभे. मास्तरांचा अख्खा सोलो त्या तारेवर बेतलेला. पाठ केलेलं सगळं वाया गेलं होतं. माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून धरलाय. तो सोडला. नाकाने एक मोठा श्वास घेतला आणि दुसऱ्या तारेवर, खूप वरच्या पट्टीवर जाऊन जे येईल ते वाजवायला लागलो. काय वाजवलं ते आज विचाराल तर आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मोजत नव्हतो. बसचा कंडक्टर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता आणि ड्रायव्हरने बस सुरूच केली नव्हती. वाजवणं संपल्यावर मालक जवळ आले आणि म्हणाले, "गिटार राहू दे."

ही बातमी मास्तरांना सांगायची होती. त्यांना कळो न कळो. मी बँडबरोबर न थांबता मिळेल त्या ट्रकने निघालो आणि सहा-साडेसहाला, उजेड असतानाच, मास्तरांच्या दारात पोहोचलो. तेव्हा फोन कुणाकडे? विसरवाडीहून माझ्या आधी कुणी आलेलं नव्हतं.

मावशी उंबऱ्यातच उभ्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा डावा हात धरला, उलटा केला आणि कापलेलं बोट पाहिलं.

"तार तुटनी का रे भो?"

"हो. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मास्तर बोलनात!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "इतला दिनमा पहिल्यांदा बोलनात. 'बारीक तार गयी,' म्हनेत. 'थांबू नको. पहिले दम ले. दुसरीवर ये.' मी तं घाबरी गऊ. इचार त्या कंपाउंडरले, तो इंजेक्शन देवाले येल व्हता."

मी त्याच पावली कंपाउंडरच्या घरी गेलो. त्याला वेगळं बसवून विचारलं. त्याने शब्द जवळजवळ तेच सांगितले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते, म्हणाला. रोगी बोलला म्हणून डॉक्टरांना कळवायचं होतं, त्यामुळे त्याने घड्याळ पाहून ठेवलं होतं. चार वाजून गेले होते, सव्वाचार व्हायचे होते.

मी गणिताचा माणूस, गप्प बसणारा नव्हतो. पुढचे चार रविवार मी ब्राह्मणपुरीच्या मळ्यात ठरल्या वेळी वाजवलं. एकदा मुद्दाम तारसुद्धा तोडली. तिकडे नंदुरबारला मावशी खाटेशेजारी बसून असायच्या. काही नाही. मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. योगायोग म्हणावा तर तार, श्वास, दुसरी तार, इतकं सगळं एकाच वेळी जुळावं? आणि योगायोग नाही म्हणावं, तर मग काय म्हणावं?

दिवाळीपर्यंत मास्तर भिंतीला टेकून बसायला लागले. थोडं थोडं बोलू लागले. एका सकाळी मावशी पाणी भरायला गेल्या होत्या, आम्ही दोघंच होतो. मी इतके दिवस दाबून ठेवलेलं विचारलं, "मास्तर, त्या दिवशी तुम्हाला माझं वाजवणं इथे कसं ऐकू आलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोलत होतो.

"वाजाडनं? वाजाडनं काही ऐकू उनं नही माले. तूच तं इचारं ना, 'मास्तर, आते काय करू?' म्हनीसन. मंग मी सांगं."

आता, जे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, ते सांगतो. मावशींना नाही, कंपाउंडरला नाही, लग्नानंतर बायकोलाही नाही. तार तुटल्यावर त्या मांडवात, सगळे माझ्याकडे बघत असताना, मी मनातल्या मनात नेमकं हेच म्हणालो होतो. याच शब्दांत, मास्तर बोलतात तशा अहिराणीत. ओठसुद्धा हलले नव्हते.

मास्तर त्यानंतर दीड वर्षाने गेले. मी बरीच पुस्तकं वाचली, दोन डॉक्टरांना विचारलं, एका प्राध्यापकांशी वाद घातला. उत्तर मिळालं नाही. आता मिळेल असंही वाटत नाही. पण विचारणं मी सोडलेलं नाही.