शिरकामास्तर

ज्येष्ठ लागला की आमच्या हेडमास्तरांचे हात जांभळे व्हायचे, ते श्रावण संपेपर्यंत जांभळेच राहायचे. नखं, बोटांची पेरं, तळव्यावरच्या रेषा, सगळं जांभळं. त्याच हातांनी ते हजेरी घ्यायचे, त्यामुळे हजेरीपटाच्या पानापानावर कोपऱ्यात एक जांभळा अंगठा उमटलेला असायचा. तपासणीला आलेल्या डेप्युटीसाहेबांनी एकदा तो पट लांब धरून विचारलं, "काय हेडमास्तर, तुम्हांला सही येत नाही?" मी शेजारीच उभा होतो. मला हसू आवरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

एकोणीसशे तीसच्या दशकातली ही गोष्ट. बारामतीहून इंदापूरकडे जाताना सणसरच्या पुढं आत वळलं की कालव्याच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून त्याच घरांतली माणसं नांदतात. तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेत मी दुय्यम शिक्षक म्हणून गेलो. पुण्याचा, ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, बावीस वर्षांचा. जगात शहाणा माणूस एकच, आणि तो रोज सकाळी आपल्याला आरशात दिसतो, अशी माझी खात्री होती. अशा माणसाला वरिष्ठ म्हणून शिरकामास्तर मिळाले.

शिरकामास्तर हे गावानं ठेवलेलं नाव. ते स्वतः करायचे ते जांभळाचं आसव, वैद्य देतात तसं. म्हणजे करायला जायचे आसव आणि व्हायचा शिरका, साहेबलोक ज्याला व्हिनेगर म्हणतात तो. मी येण्याआधी पाच वर्षं असंच चाललं होतं. दर वर्षी बरण्या भरायच्या, दर वर्षी त्या आंबून जायच्या, आणि दर वर्षी सगळा गाव फुकटचा शिरका कांद्यावर घालून खायचा. मास्तर मूळचे वरकुटे गावचे, आणि तिथला ताठा असा, की एवढं होऊनही त्यांनी शिरका हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. "यंदाचं आसव जरा आंबटाकडं झुकलंय," एवढंच म्हणायचे.

कालव्याच्या भरावावर जांभळीची रांग होती. लेंडी जांभळं, बारीक, तुरट, बीच जास्त. बाजारात कुणी विचारलं नसतं. शाळा सुटली की मास्तर एका हातात आकडी आणि दुसऱ्या हातात उलटी उघडलेली छत्री घेऊन झाडाखाली उभे. फांदी हलवायची आणि छत्रीत जांभळं झेलायची. पाऊस आला तर भिजत घरी यायचे, कारण छत्री भरलेली. शाळेचा मुख्य माणूस धोतरावर जांभळे डाग घेऊन, भरल्या छत्रीला पोटाशी धरून, गावातून निथळत चाललाय, हे पाहून मला शरम वाटायची. मी दहा पावलं मागं राहून चालायचो.

गूळ गावच्या गुऱ्हाळातला. धायटीची वाळलेली फुलं बारामतीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून, कारण त्या फुलांशिवाय आसव उठत नाही. सगळं कालवून बरणीत भरायचं, तोंडाला कापडमाती लिंपायची आणि बरणी कडब्यात पुरायची. इथपर्यंत मास्तरांची कृती कुठल्याही वैद्याला मान्य व्हावी अशी. पुढं मात्र त्यांना धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी बरणीला कान लावायचे. आत बुडबुड चाललेली असायची. "बोलतंय, धाकटे, बोलतंय!" मला ते धाकटे म्हणत, धाकटे मास्तर म्हणण्याइतकाही वेळ त्यांना नसे. तिसऱ्या दिवशी माती फोडून आत डोकावायचे. चौथ्या दिवशी पुन्हा. जे आपल्याशी बोलतं त्याला नुसतं ऐकून त्यांचं भागत नव्हतं, तोंड बघायचं असायचं.

"गुर्जी, झाकण उघडू नगा. वारं लागलं की आंबतंय," असं तात्यानं त्यांना दर वर्षी सांगितलं. हा तात्या गावातला नावाजलेला पिणारा. बरणी उघडली की चाखायचा मान त्याचा, कारण मास्तर स्वतः थेंब घेत नसत. तोंडाला लावणार नाही असं त्यांनी आईला वचन दिलं होतं. तात्या घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि जड आवाजात म्हणायचा, "शिरकाच हाय, गुर्जी." मग मी चाखायचो आणि तेच अधिक शुद्ध मराठीत, अधिक तिखट करून सांगायचो. मास्तर माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "तुम्हां पुणेकरांना चव कसली? वाळक्या पाल्याचा काढा दिवसातून चारदा ढोसता आणि त्याला चहा म्हणता."

आणि हाच गृहस्थ गावच्या दारूबंदी मंडळाचा चिटणीस! दर सोमवारी पारावर उभा राहून दारूवर आग पाखडायचा आणि घरी जाऊन बरणीला कान लावायचा. हे ढोंग मला असह्य होऊन एकदा मी तोंडावर विचारलं. ते बराच वेळ छत्रीची काडी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "माझा बाप ओढ्यात पडलेला सापडला, धाकटे. पालथा. हातभट्टी प्यालेला. आई म्हणायची, सोडा, सोडा. सुटत न्हाय ती. माणूस प्यायचा थांबत न्हाय हे मी घरात बघितलंय. मग निदान झाडाचं, स्वच्छ, जेवणावर दोन घोट असं काहीतरी त्याच्या हातात द्यावं का न्हाय?" वर्गात ते पुस्तकी बोलत. वरकुट्याची भाषा जिव्हारी लागलं तरच यायची. मी मनात म्हटलं, काय खुळा विचार आहे.

चौथ्या वर्षी मी कंटाळलो. म्हटलं, यंदा बरणी शाळेमागच्या माझ्या खोलीत, माझ्या कुलपात. दीड महिना झाकणाला हात लावायचा नाही. म्हणजे दोष झाकणाचा नाही, तुमच्या जांभळांचाच आहे, हे एकदाचं सिद्ध होईल. मदत करायचा माझा काडीचाही हेतू नव्हता. मला त्यांना नीट, पुराव्यानिशी हरवायचं होतं. ते लहान मुलासारखे कबूल झाले. रोज सकाळी यायचे, माझ्या खाटेखाली वाकून बरणीला कान लावायचे, "बोलतंय" म्हणायचे आणि हात मागं बांधून निघून जायचे. त्या हातांना काय त्रास होत असेल ते मला दिसत होतं. श्रावणात एके दिवशी कान लावून ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "गप झालं." रविवारी तात्याला बोलावून उघडायचं ठरलं.

शनिवारी अबकारीचा इन्स्पेक्टर आला. निनावी अर्ज गेला होता, की हेडमास्तर शाळेच्या आवारात दारू गाळतो. अर्ज दारूच्या ठेकेदाराचा हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मास्तरांच्या सोमवारच्या भाषणांनी त्याची चार गिऱ्हाइकं तुटली होती. पण अर्ज तो अर्ज. गुन्हा शाबीत झाला तर नोकरी जाणार, तीन वर्षांवर आलेलं पेन्शन जाणार, आणि दारूबंदीचा चिटणीस हातात बेडी घालून इंदापूरला जाणार.

इन्स्पेक्टरानं आधी मास्तरांच्या घरातली गेल्या वर्षीची बरणी उघडली, त्यात नाक खुपसलं आणि डोळे पुसत मागं सरला. मग माझ्या खाटेखालची बाहेर काढली. मी घाईघाईनं म्हणालो, "तोच माल आहे साहेब, शिरका." तेवढ्यात दारातून मास्तर ठणठणीत आवाजात बोलले, "शिरका नव्हे साहेब. आसव आहे. उत्तम आसव."

असा मूर्ख माणूस मी जन्मात पाहिला नाही.

"आसव म्हणजे काय ते मला शिकवू नका," इन्स्पेक्टर म्हणाला. "चढतं का नाही, एवढं सांगा." नाकाला रुमाल लावलेलाच होता. त्यानं मास्तरांना दाराबाहेर उभं केलं आणि हुकूम सोडला, "ज्याला दारूची चव कळते असा पंच आणा." जमलेल्या गावकऱ्यांनी एकदम तात्याकडं बोट दाखवलं.

तात्यानं वाटीतून घोट घेतला. डोळे मिटले. त्याच्या गळ्याची घाटी एकदा खाली गेली, आणि त्या रापलेल्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. तो रडतोय की काय असं वाटलं. मग त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. "शिरका हाय, सायेब. आंबटढाण." जरा थांबून म्हणाला, "फुन्यांदा बघू का? नीट कळंना."

"तुम्ही बघा," इन्स्पेक्टर मला म्हणाला. मी वाटी तोंडाला लावली. तुरटपणा पार विरघळून गेला होता. गुळाची गोडी नावालाच, आणि मागून घशाला एक ऊब आली ती छातीपर्यंत उतरली. मी त्यानंतर पुष्कळ काही प्यालो आहे, चांगल्या घरांत, काचेच्या पेल्यांतून. तसं काही नाही. मी वाटी खाली ठेवली. दाराबाहेरून मास्तर माझ्याकडं बघत होते, इन्स्पेक्टराकडं नाही. नऊ वर्षं आसवामागं लागलेला तो माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी नाक मुरडलं. "शिरका," मी म्हणालो. "तोही टाकाऊ. हे पिऊन कुणाला चढली तर मी माझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट परत करीन." अगदी नेहमीच्या सुरात. तो सूर मला फार चांगला साधला होता.

इन्स्पेक्टर हसला, पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि निघाला. मी त्याला फाट्यावर मोटारीत बसवून धावत परत आलो. मास्तरांना एकट्याला गाठून खरं सांगायचं होतं. शाळेमागं शेवग्याच्या बुडाशी जमीन जांभळी झाली होती आणि तात्या तिथं डोकं धरून बसला होता. "वतलं की वो मास्तर, गुर्जींनी," तो म्हणाला. "समदं वतलं. पंचनाम्यात शिरका म्हणून बसलो, आता आमी कुठं बोलायचं? तुमी तरी बोलायचं!"

मास्तर कालव्यावर बरणी घासत होते. मला पाहून म्हणाले, "धाकटे, तुम्ही चार वर्षं सांगत होता. मीच ऐकत न्हवतो. झाकण न्हाय, काय न्हाय. माझीच जांभळं खोटी." खरं माझ्या जिभेवर होतं. पण जे ओतलं ते काय होतं, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, "चहा घेता का?" आणि ते, आयुष्यात पहिल्यांदा, हो म्हणाले.

चार वर्षं मी त्यांना खरं तेच सांगत आलो, ते त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. एकदा खोटं बोललो, ते घेतलं. त्यांची नोकरी राहिली, पेन्शन मिळालं, आणि माझी पुढं दौंडकडं बदली झाली. निरोपाला त्यांनी मला जुन्या शिरक्याची बाटली दिली. "कांद्यावर घाला," म्हणाले. शिरका हा शब्द तेव्हा त्यांनी अगदी सहज वापरला. त्यांचं लोभस खूळ मीच मारलं याची मला आजही लाज वाटते.

बदलीच्या आधीच्या पावसाळ्यात डेप्युटीसाहेब तपासणीला आले होते. भरावावर जांभळांचा सडा पडलेला होता, कुणी उचलत नव्हतं. साहेबांनी पट उघडला, पानं चाळली, खूश झाले आणि शेरेबुकात लिहिलं, 'हजेरीपट स्वच्छ आहे.'