चार चाकं, चार शिंगं

गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय, की ते धरणारे हात थरथरतायत, हे तुम्ही कसं ओळखाल? घाईने उत्तर देऊ नका. मी घाई केली होती, आणि माझ्या उत्तराच्या पाचशे प्रती छापून आष्ट्याच्या बाजारात वाटल्या होत्या.

आमच्या घरात एक गाडी आहे, एक आण्णा आहेत आणि एक मी आहे. आण्णा म्हणजे माझे वडील. बावीस वर्षं फौजेत ड्रायव्हर. लेहच्या बर्फात त्यांनी ट्रक चालवलेत (एका बाजूला दरी, शेजारच्या सीटवर सुभेदार!). मी पत्रकं काढतो. डीजेविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, प्लॅस्टिकविरुद्ध. माझी अक्षरओळखच आजोबांच्या ट्रंकेतल्या मोर्च्यांच्या पत्रकांवर झाली, त्यामुळे मला ‘अ’च्या आधी उद्गारचिन्ह काढता यायचं!

यंदा सुमीताईला पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून माहेरी आणायचं होतं. लेकीच्या सासरच्या दारात गाडी उठून दिसली पाहिजे, म्हणून आण्णांनी चौदा इंची चाकं काढून सोळा इंची अलॉय बसवायचं ठरवलं. मी कडाडून विरोध केला.

“आण्णा, ही चंगळवादाची चाकं आहेत!”

“असूंदेत. मापाची हायेत का, तेवडं बघाय चल.”

कुपवाडला मगदूम म्हणून एक चाकवाले आहेत. चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा वापरत नाहीत. त्यांनी नव्या चाकांच्या पाठीमागून हात घालून काहीतरी बसवलं, चारही चाकं भिंतीला टेकवली, कामगारांना खूण केली आणि घरी जेवायला गेले. मी वाकून पाहिलं. प्रत्येक चाकाच्या मधल्या भोकात एक लाल प्लॅस्टिकची रिंग!

“पॅकिंग!” मी ओरडलो. “एवढ्या मजबूत लोखंडाला प्लॅस्टिकचं वेष्टण कशाला?” (अलॉय म्हणजे लोखंड नव्हे, हे मला नंतर कळलं. नंतर बरंच काही कळलं.)

आण्णा नारळ आणायला गेले होते. चारही रिंगा मी उपसून काढल्या आणि कामगारांना प्लॅस्टिकवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. ते चहा पीत होते, त्यामुळे त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग गिऱ्हाइकाची मर्जी म्हणून त्यांनी चाकं तशीच बसवली. आण्णांनी चाकांना हळदकुंकू वाहून नारळ फोडला आणि आम्ही घरी आलो. रिंगा माझ्या पिशवीत.

आता ‘कचरा टाकू नका, वापरा!’ हे पत्रक माझंच. दुसऱ्या दिवशी बेंदूर होता. त्या दिवशी आमच्याकडे बैलांना सजवून त्यांची मिरवणूक काढतात. शेजारचे शिवाकाका त्यांच्या खिलार जोडीची शिंगं रंगवत बसले होते. मी रिंगा पुढे केल्या. चार रिंगा, चार शिंगं! माप घेऊन केल्यासारख्या बसल्या. काकांनी वरून सोनेरी ऑइलपेंट मारला. मिरवणुकीत जोडीचा पहिला नंबर आला आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या.

चार दिवसांनी आण्णा हायवेला चक्कर मारून आले ते पायरीवरच बसले.

“काय झालं वं?” आईने विचारलं.

“ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतंय. साठाला काय न्हाई.”

मगदूमांच्या कामगारांनी चाकं मशीनवर चढवून बॅलन्सिंग केलं. मग अलाइनमेंट केली. मशीन म्हणालं, सगळं बरोबर. हायवे म्हणाला, थरथर! तिसऱ्या वेळी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे. तरी थरथर! आता माझं रक्त उसळलं. ‘कुपवाडच्या चाकवाल्यांनो, जाब द्या! सामान्य माणसाचं स्टिअरिंग का थरथरतं?’ एका रात्रीत मजकूर, सकाळी छपाई, दुपारी वाटप. कागद वाया जाऊ नये म्हणून फक्त एका बाजूला छापलं होतं. (मागची बाजू लोकांना हिशेबाला उपयोगी पडते. मी सगळा विचार करतो!)

संध्याकाळी आईने विचारलं, “छापायच्या आदी सवता चालवून बगितलीस का रं?”

प्रश्न रास्त होता. मी चावी घेतली, इस्लामपूरपर्यंत गेलो, परत आलो. हातभर थरथर सोडाच, बोटभरही नाही! सांगायचं राहिलं, मी चाळीसच्या वर गाडी चालवत नाही. तत्त्वाने. इंधन वाचतं (तेही एक पत्रक आहे).

आणि सत्य लपवणं माझ्या रक्तात नाही. मी अंगणातच जाहीर केलं, “आण्णा, गाडीत कसलाही दोष नाही!”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “मग बरोबर हाय,” ते म्हणाले. “थोरल्याचं बी असंच सुरू झालं हुतं.”

थोरले म्हणजे आण्णांचे भाऊ. शेवटच्या वर्षी त्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, आण्णा भरवायचे. त्या दिवसापासून आण्णा चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. आई रोज त्यांच्या मनगटांना तेल चोळू लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, बोटं नाकाला लावून घेतली आणि म्हणाले, “काही नाही.” आण्णा बाहेर येऊन म्हणाले, “त्येंनी कुठं ऐंशीला बगितलं?”

साताऱ्याला जायच्या आदल्या दिवशी सकाळी आण्णांनी गाडी पुसली, चावी माझ्या हातात ठेवली. “सुमीला तूच आन. अवघडलेली पोरगी हाय. माज्या हातात नको.”

चाळीसच्या वेगाने साताऱ्याला जाऊन ताईला आणायचं म्हणजे बाळंतपण कराडच्या आसपास झालं असतं. पण मला त्या वेळी विनोद सुचला नाही. त्यांच्या मुठीतून आलेली चावी गरम होती.

तेवढ्यात दारात मगदूम उभे! हातात भडंगाचा पुडा. पुडा माझ्या पत्रकाचा! ‘जाब द्या’ नेमकं वर आलेलं.

“जाब द्याय आलोय,” मगदूम म्हणाले. “चला हायवेला.”

गाडी मगदूमांनी घेतली. मी शेजारी, आण्णा मागच्या सीटवर. आण्णांना मागे बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले होते. पेठ नाका ओलांडला. साठ. सत्तर. ऐंशी! स्टिअरिंग असं थरथरू लागलं की मगदूमांचं घड्याळ मनगटावर नाचू लागलं.

“आण्णा, जरा म्होरं वाकून माजं हात बगा.”

आण्णा वाकले. “थरथरत्यात की वं.”

“मग तुमचा आजार मला लागला म्हनायचा?”

आरशात पाहिलं तर आण्णांनी मांडीखालचे हात काढून समोर धरले होते आणि उलटेसुलटे करून बघत होते. मग एकदम खदखदून हसले. पंधरा दिवसांनी!

एका धाब्याशेजारी मगदूमांनी जॅक लावला, चाक काढलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले. “रिंगा कुटं हायेत?”

“कसल्या रिंगा?” मी तडफेने विचारलं.

“ह्या चाकाचं मदलं भोक गाडीच्या हबापेक्षा, चाक ज्याच्यावर बसतंय त्या बोंडापेक्षा, मोठं हाय. मदी रिंग पायजे, म्हंजे चाक बरोबर मदोमद बसतंय. न्हाईतर केसभर सरकतंय आनि ऐंशीला नाचतंय. मशीनवर कळायचं न्हाई ते. मी माज्या हातानं घातल्या हुत्या. लाल. प्लॅस्टिकच्या.”



“पत्रकवाले,” आण्णा अगदी शांतपणे म्हणाले, “कुटं टाकल्यास?”

“टाकल्या नाहीत,” मी म्हणालो. “वापरल्या.”

तसल्या मापाच्या रिंगा दुकानात शिल्लक नव्हत्या. पुण्याहून यायला आठ दिवस लागणार आणि ताई उद्या दारात वाट बघणार. आम्ही तिघं सरळ शिवाकाकांच्या गोठ्यात गेलो. काकांनी गोठ्याच्या दारात आडवा हात धरला.

“पैला नंबर आलाय जोडीचा! शिंगाला हात लावू देणार न्हाई!”

“काका, त्या गाडीच्या आहेत.”

“तवा कुटं म्हनलास? तवा तर भाषान ठोकलंस, वापरा म्हनून!”

“शिवा,” आण्णा म्हणाले, “उद्या माजी पोरगी घेऊन यायचीय. मलाच. माज्या हातानं.”

काकांनी आडवा हात खाली घेतला. “मग असं सांगावं न्हवं का आदी,” ते म्हणाले आणि स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन ऑइलपेंट सोडवायला बसले. एक बैल शहाणा होता. दुसऱ्याने माझा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत उसवला. (त्याला सगळं माहीत असावं.) चारही रिंगा निघाल्या. मगदूमांनी पुसून, घासून त्या बसवल्या. सोनेरी रंगाचा एक ठिपका अजून आहे, असं ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आण्णा साताऱ्याला निघाले. मी शेजारी. कराडच्या अलीकडे काटा ऐंशीवर गेला. मी स्टिअरिंगकडे पाहिलं, आण्णांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही स्थिर. आण्णांनी एक हात सोडून माझ्याकडे खूण केली. “चाय दे थर्मासातला.” आणि एका हाताने कप घेतला. थेंबसुद्धा सांडला नाही. (गाडी चालवताना चहा पिण्याविरुद्ध पत्रक काढायचं तेवढ्यापुरतं मी लांबवलं.)

मगदूमांची माफी मी तोंडी मागितली. “छापलेलं असं तोंडानं पुसलं जात न्हाई,” ते म्हणाले. बरोबर आहे. पण आणखी पाचशे कागद खर्च करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती. ‘जाब द्या’ हे पत्रक तुमच्या घरी कुठे असेल, डब्याखाली, वहीत, भडंगाच्या पुड्याला, तर ते फाडू नका. मागची बाजू कोरी आहे. तिथे ठळक अक्षरांत लिहा, ‘रिंगा याच गाढवाने काढल्या होत्या,’ आणि पत्रक शेजारच्या घरात द्या.

उद्गारचिन्ह तेवढं माझ्यासाठी सोडा.