ओक्सानाचं गाऱ्हाणं

युक्रेनहून परतल्यावर कुणी देवाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट टाकून मी सुखरूप घरी पोचले होते आणि अख्खा गाव 'देवानं राखलं' म्हणत होता. मग ओक्सानाला का नाही राखलं? ती माझी वसतिगृहातली मैत्रीण. बॉम्ब पडायचे तेव्हा तळघरात आम्ही एकाच पांघरुणात बसायचो. आम्हा भारतीय मुलांसाठी बस आली, ओक्साना तिथलीच, ती मात्र मागे राहिली, आणि त्यानंतर तिचा फोन लागला नाही. हे सांगणार कुणाला? 'सुटलीस बाय,' एवढंच सगळ्यांचं म्हणणं. माझी झोप उडाली. मच्छीमारांच्या होडीचं इंजिन धडधडलं तरी मी खाटेखाली शिरायचे. कणकवलीला एक समुपदेशक बाई आहेत असं आईनं सुचवलं, तर मी तिच्या तोंडावर दार लावलं.

शेवटी आई नवस फेडायला मला रवळनाथाच्या देवळात घेऊन गेली. तिचं रडणं बघवेना म्हणून मी गेले, भक्तीनं नव्हे. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गुरव सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो आणि जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मुंबईला, बोटीवर, जो कोणी दूर असेल त्याच्यासाठीही त्यात मागणं असतं. नारळ हातात घेऊन गुरवकाका थांबले. माझ्या मनातलं त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "थंय तुझा कोण रवलाहा गो?"

तिकडे मागे कुणी राहिलं नाही असं आई म्हणणार, तेवढ्यात माझ्या तोंडून ओक्सानाचं नाव निघालं. गुरवकाकांनी ते तसंच गाऱ्हाण्यात घेतलं.

"बा रवळनाथा म्हाराजा, ओक्साना म्हणान एक चेडू लढाईत अडाकलाहा. ह्या चेडवाचो जीव तेच्यात गुतलोहा. आमच्या पोरांची राखण करतस, तशी तेची कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले. घरी येताना आईला सगळं सांगितलं. काही दिवसांनी आपणहून कणकवलीची एसटी धरली. त्या बाईंकडे मी अजून जाते, युक्रेनहून परतलेली आणखी दोघं-तिघं मुलंही येतात. झोप अजून पुरती लागत नाही, पण येते.

ओक्सानाचा फोन अजून लागत नाही. गुरवकाकांना तो प्रश्न कुणी सुचवला, याच्या खोलात मी जात नाही. हात जोडले जातात, एवढं खरं. रोज संध्याकाळी मी तिचा नंबर एकदा लावते, मग तिला रवळनाथाच्या हवाली करून जेवायला बसते.