उइबानची संत्री

आमच्या सैबेरियातल्या याकुतियात भर हिवाळ्यात ट्रकचं इंजिन बंद करतो तो एक तर नवखा असतो, नाहीतर वेडा. एकदा गोठलं की ते थेट वसंतातच सुरू होतं. आमचा उइबान पंचवीस वर्षं ट्रक चालवतोय. तो घरी झोपतो तेव्हाही त्याचा ट्रक खिडकीखाली घुरघुरत असतो. बायको म्हणते, "घोरतोय कोण, हा की ट्रक, तेच मला कळत नाही."

त्या वर्षी तो नव्या वर्षासाठी गावाला संत्री नेत होता, मीही माझा ट्रक घेऊन त्याच ताफ्यात होतो. घाटात हिमवादळ आलं आणि आमचे अकरा ट्रक बारा दिवस अडकून पडले. नशीब, त्यातला एक डिझेलचा टँकर होता. संत्री गोठू नयेत म्हणून उइबाननं सगळ्या पेट्या केबिनमध्ये रचल्या आणि स्वतः स्टिअरिंगला चिकटून बसल्या बसल्या झोपला. मी एक फोड मागितली तर खेकसला, "पोरांची आहेत ती!"

तेरा जानेवारीला आम्ही गावात पोचलो. दुकानदारीण मात्र्योना कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती.

"या सरकार! नवं वर्ष शिळं झालं, आता आठवण झाली होय?"

उइबान भडकला. "शिळं कसलं? जुन्या रशियन पंचांगाचं नवं वर्ष उद्या, चौदा तारखेला लागतंय. तेही आपण साजरं करतोच ना? मी एक दिवस आधीच आलोय!"

"अस्सं? मग तू उद्याच ये," मात्र्योना म्हणाली. "संत्री तेवढी आत दे. बाहेर गारठतील बिचारी."