झऱ्याचं जुनं नाव

गुलाबाचे हार गुंफणारी निकँड्रा एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मान म्हणाल तर तिला एकच होता. रोमचे लोक आले, पोसिडोनिया या ग्रीक गावाचं पेस्तम झालं, वेशींची, गल्ल्यांची, झऱ्यांची सगळ्यांची नव्यानं बारशी झाली. तेव्हापासून गावातली उरलीसुरली ग्रीक माणसं वर्षातून एकदा देवळामागे जमत, जुनी नावं म्हणत, पोटभर रडत आणि घरी जात. नावं म्हणायची ती निकँड्रानं, कारण सगळी पाठ असलेली ती एकटीच उरली होती.

यंदा पंचांनी तो मान तिच्या भावजयीला, लिसिलाला दिला. तिचा आवाज गोड म्हणे. जिचा जावई रोमन, जी नातवाला लॅटिनमध्ये जोजवते, ती ग्रीकांना रडवणार! निकँड्राच्या अंगाचा तिळपापड झाला. बोटात गुलाबाचा काटा रुतला तरी ती त्याचं खापर लिसिलावर फोडू लागली.

सणाच्या आदल्या सकाळी लिसिला तीळ-मधाच्या वड्या घेऊन तिच्या दारात आली. बाकी सगळं पाठ झालं होतं, तेवढं लोहारांच्या गल्लीतल्या झऱ्याचं नाव काही केल्या आठवत नव्हतं.

"वन्सं, तुमच्याशिवाय विचारू कुणाला?"

"आता बरी वन्संची आठवण झाली."

"मी मागून नाही घेतलं हो. तुमचा आवाज बसलाय, असं पंचच म्हणाले."

ते ऐकून निकँड्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झऱ्याचं नाव कॅलिनोई. ते ओठांवर आलंही होतं.

"झांथे," ती म्हणाली.

झांथे ही तिच्या आईची शेळी. भर सभेत हसं होईल, वहिनीचं नाक कापलं जाईल आणि पुढल्या वर्षी पंच झक मारत आपल्या दारी येतील, असा तिचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी लिसिला नावं म्हणत म्हणत झऱ्याच्या नावापाशी आली. "झांथे," ती म्हणाली. निकँड्रा हशाची वाट बघत राहिली. कोणीच हसलं नाही. नव्वदीतला फिलिस्कोस डोळे पुसू लागला.

"झांथेच ती. माझी आई तिथूनच पाणी भरायची."

मग सगळेच झांथे, झांथे म्हणत रडायला लागले. निकँड्रानं तोंड उघडलं, पण खरं नाव सांगायचं तर आधी आपलं खोटं सांगावं लागणार होतं. तेवढ्यात लिसिलानं येऊन तिचा हात धरला.

"वन्सं, तुमच्यामुळं राहिलं हो नाव."

निकँड्रानं तोंड मिटलं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त तीच रडली, आणि मान गेला तरी बाईचं मन किती मोठं, असं लोक घरी जाताना म्हणत होते.