म्हालीबुवांचा उलटा हात

समुद्रपूरच्या तहसील कचेरीसमोर, निंबाखाली, माझे अर्जलेखनाचे टेबल आणि म्हालीबुवांची हजामतीची पेटी चौदा वर्षे शेजारी नांदली. न्हाव्यास आमच्याकडे म्हाली म्हणतात. 'बुवा' वयाने जोडले. गालाला पाणी लावण्यापूर्वी ते त्यावरून हाताची उलटी बाजू एकदाच फिरवीत. कोण तापातून उठला, कोणाची झोप उडाली, सारे त्यांस तेवढ्यावर कळे. "माणूस खोटं बोलते मुन्शीजी, गाल नाई बोलत," असे ते म्हणत. नववीपर्यंत शिकलेल्या आणि ज्याचा मसुदा कचेरीतून कधी परत आला नाही अशा माझ्यासारख्या गृहस्थास त्यात काही शास्त्र दिसत नसे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात तो हात माझ्याच गालावर थबकला.

"मुन्शीजी, पंधरा दिवस झाले, अन् वस्तऱ्याले कामच नाई. काऊन?"

मी वयाचे कारण सांगितले.

"तुमच्याहून दहा वर्सानं मोठा पाटील दर चौथ्या दिवशी येते. अन् तुम्ही अर्ज लेहता लेहता डुलक्या घेऊन राह्यले!"

डुलक्या खऱ्या होत्या. चिडचिडही खरी होती. वर्षभर मी पडवीत निजत होतो. पत्नीने कारण विचारले तेव्हा तिच्यावर ओरडलो, आणि ती सेलूला माहेरी गेली ती 'बोलावल्याशिवाय येणार नाही' असे बजावून. तिच्यावरचे मन उडाले, असा तिचा समज झाला होता. खरी गोष्ट निराळी होती. पण ती उच्चारण्याजोगी नव्हती. भिंतीवरच्या जाहिरातीतले ताकदीचे चूर्ण मात्र मी अर्जांच्या कोर्ट-फी तिकिटांच्या डब्यात लपवून खात होतो. म्हालीबुवांना त्याचाही वास लागला.

त्यांच्या आग्रहाने मी वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांपुढे स्वहस्ते लिहिलेला अर्ज ठेवला. 'सदर इसमाच्या प्रकृतीत काही काळापासून इष्ट ती तडफ आढळून येत नाही,' हे त्यातील मुख्य वाक्य आजही मला निर्दोष वाटते. डॉक्टरांनी रक्तवाढीची बाटली लिहून दिली.

"तडफ?" परतल्यावर मी ते वाक्य ऐकवताच म्हालीबुवा हसून हसून खोकू लागले. "सगळ्या तालुक्याचं रडगाणं तुम्ही लेहता, अन् आपल्या वक्ती तडफ?"

पुढच्या आठवड्यात, ऐन बाजाराच्या दिवशी, पेटी बंद करून ते माझ्यासोबत एस.टी.त बसले. डॉक्टरांपुढे मी घसा साफ करीत असतानाच ते म्हणाले, "साहेब, याह्यची दाढी थांबली. दिवसा झोपते, चिडते, अन् बायकोपासून तोंड लपवते." मला जमिनीने पोटात घ्यावेसे वाटले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. मोठेपणी गालगुंड झाले होते काय, असे त्यांनी विचारले.

"दोन वर्साआंदी," म्हालीबुवा म्हणाले. "गाल असे सुजलते का महिनाभर वस्तरा लावला नोयता म्या."

सूज गालांपुरती राहिली नव्हती, खाली जांघेतही उतरली होती, हे त्या दिवशी मी प्रथमच कोणास सांगितले.

डॉक्टरांनी तपासले. सकाळच्या वेळी दोनदा रक्त घेऊन नागपूरला पाठवले. पुरुषाच्या शरीरातला एक रस त्या दुखण्याने कमी पडला आहे, यात स्वभावाचा वा मर्दपणाचा दोष नाही, असे त्यांनी सांगितले. चूर्ण बंद झाले. दर तीन आठवड्यांनी सुई सुरू झाली. फरक लगेच पडला नाही. कित्येक महिन्यांनी एका सकाळी उलटा हात फिरला आणि म्हालीबुवा निंबाखालच्या सर्व पक्षकारांना ऐकू जाईल असे ओरडले, "आली! मुन्शीजीची दाढी आली!"

मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आता सेलूले चिठ्ठी लेहा. अन् 'सविनय सादर' नोका लेहू."

मी तीनच वाक्ये लिहिली. 'दुखणे होते. मन उडाले नव्हते. यावे.' चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीने ती उतरली.

म्हालीबुवा गेल्या पोळ्याच्या सुमारास वारले. अखेरच्या वर्षी त्यांचा हात थरथरे, माझ्या हनुवटीवर दर खेपेस एक तरी काप उमटे. पण मी दुसऱ्या कोणापुढे गाल धरला नाही.

परवा एक भाजीवाला शेतकरी आला. बायको माहेरी बसली आहे, तिला नोटीस लिहा, म्हणाला. मी शिरनामा घातला. मग लेखणी खाली ठेवली आणि हाताची उलटी बाजू त्याच्या गालावरून फिरवली.

तो दचकून मागे सरला. "हे काय करून राह्यले, मुन्शीजी?"

"बस," मी म्हणालो. "दाढी केव्हा केली होती?"