बदली दिल्याशिवाय गावाला नाही

आमच्या मंडळीत डिसेंबरात काही घडत नाही. नाताळात सगळे इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या जागी गुपचूप बसतात, मग किस्से होणार कुठून? किस्से साठतात ते मे महिन्यात. शाळा सुटल्या की अर्धी मंडळी नगरला, उरलेली जालन्याला, आणि मागे राहिलेल्या चार टाळक्यांवर अख्खी उपासना चालवायची वेळ येते. मी रेल्वेच्या गार्डन रीच ऑफिसात आहे आणि माझी रजा उन्हाळ्यात कधी मंजूर होत नाही. त्यात मी मंडळीची चिटणीस. म्हणजे मी मागे राहणार हे ठरलेलंच.

कोलकात्यातली आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं ती किती! खिदिरपूरला एका बंगाली चर्चचा हॉल रविवारी संध्याकाळी आम्हाला मिळतो. यंदा एप्रिलमध्ये त्या चर्चचे सेक्रेटरी बिश्वासबाबू मला म्हणाले, "एई गरमे के आश्बे, दीदी? एवढ्या उकाड्यात कोण येणार? मे-जून बंद ठेवा." त्यांच्या गायनमंडळाचे मास्तर तापसबाबू यांना सरावासाठी हॉल हवा होता. शेवटी असं ठरलं, की ज्या रविवारी उपासना होणार नाही, त्या रविवारपासून हॉल तापसबाबूंचा.

हे एस्तेरमावशींच्या कानावर गेलं. मावशींचे यजमान गोदीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. गावाकडे आता त्यांचं कुणी नाही. हॉलच्या समोरच्याच गल्लीत एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे दोन महिन्यांनी याल गं. पण रविवार गेला तर माझ्याशी मराठीत बोलणारं कोण आहे?"

त्यावर गायकवाड काकांनी गोदीतला नियम काढला. काका तिथूनच रिटायर झालेत. बदली माणूस आल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. म्हणजे गावाला जा, खुशाल जा, पण आपलं काम करणारा माणूस देऊन जा.

नियम मंजूर झाला. त्याची पहिली झळ काकांनाच बसली. काका पेटी वाजवतात. पुण्याला मुलीला मुलगा झाला होता, नातवाचं तोंड अजून बघायचं होतं. पण पेटीला बदली मिळेना.

*

साळवे दानाचं ताट फिरवतात. ते शेजारच्या कुलकर्णी सरांना बदली देऊन गेले. सर इथेच जन्मलेले, शाळेत शिकवायचे, देवपूजा नेमाची. "मराठी कानावर पडेल, येतो की," म्हणाले.

सरांनी ताट घेतलं, मावशींच्या पुढ्यात धरलं. मावशींनी नोट टाकली. सर हलेनात. मावशींनी आणखी एक नोट टाकली, तरी सर हसतमुखाने उभेच. शेवटी मावशींनी ताटावरून हात फिरवून कपाळाला लावला, तेव्हा कुठे सर पुढे सरकले. पाठोपाठ आम्ही सगळ्यांनी तेच केलं.

साळवे परत आलेत आता. पण ते ताट घेऊन पुढे निघाले की गायकवाड काका म्हणतात, "थांबा हो, अजून हात फिरवायचाय."

*

दारात उभं राहून लोकांचं स्वागत करायचं काम हवालदार कांबळ्यांचं. फोर्ट विल्यमला पोस्टिंग आहे. एका रविवारी त्यांची ड्युटी लागली, तर त्यांनी आपल्या पलटणीतला एक सुट्टीवरचा सरदारजी पाठवून दिला. त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, की चर्चच्या दारावर उभं राहायचंय.

तो उभा राहिला तो असा, की मावशींकडे त्याने ओळखपत्र मागितलं. मावशींनी बटव्यातून आधार कार्ड काढून दाखवलं. मी रेल्वेचं दाखवलं. त्याने कडक सलाम ठोकून आम्हाला आत सोडलं.

नेमके त्याच दिवशी बिश्वासबाबू पाहणीला आले, आणि कार्ड घरी विसरून आले. "हे चर्च माझंच आहे," असं ते तीन भाषांत सांगत होते. सरदारजी चौथ्या भाषेत नाही म्हणत होता. बिचारे शेवटच्या आशीर्वादापर्यंत पायरीवर बसून राहिले. आत उपासना चालली आहे, हे मात्र त्यांना पुरतं कळलं.

*

पाळकसाहेबही गावाला गेले. पाळकांना बदली कुठून आणणार? त्यांनी उपदेश रेकॉर्ड करून माझ्या फोनवर पाठवला. मी फोन स्पीकरला जोडून वेदीवर ठेवला. फार मनापासून बोलले हो पाळकसाहेब. शेवटाकडे आवाज खाली आणून म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, त्या दिवशी प्रभू तुम्हाला एकच प्रश्न विचारील..."

तेवढ्यात फोन वाजला. मी बंद करायला धावले आणि घाईत उचलला. सबंध हॉलमध्ये माझ्या सासूबाईंचा आवाज घुमला, "आंबे पोचले का?"

मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमेन."

*

आणि मग आला वादळाचा रविवार. इथे वैशाखात संध्याकाळी अचानक कालबैसाखी उठते, दहा मिनिटांत शहराचं होत्याचं नव्हतं करते. काका आणि मी एकाच ऑटोत होतो. रस्त्यावर झाड आडवं झालं, पुढे पाणी. कांबळ्यांना किल्ल्यातून निघता येईना, कुलकर्णी सरांचा फोन लागेना. काका म्हणाले, "संपलं. आज हॉल गेला." मला मावशींचा चेहरा दिसायला लागला आणि रडूच कोसळलं. मग आम्ही उतरलो आणि पाण्यातून चालायला लागलो.

पोचलो तेव्हा लाइट गेले होते. आत मेणबत्ती दिसली. झालं होतं असं, की खिडक्या लावायला बिश्वासबाबू आले, तर मावशी पहिल्या बाकावर बसलेल्या. ते म्हणाले, "मावशी, एकटीची कसली उपासना?" मावशी म्हणाल्या, "एकटी कशी? तुम्ही आहात ना."

आमच्यात नवीन माणसाने उभं राहून नाव-गाव सांगायची पद्धत आहे. आम्ही दारात आलो तेव्हा बिश्वासबाबू उभे होते आणि आपल्या गावाबद्दल सांगत होते. आजोबांचं गाव, नदीकाठचं, आता सीमेपलीकडे गेलेलं. मावशींना बंगाली फारसं येत नाही, पण त्या मान हलवत होत्या. मग मावशींनी दानाचं ताट बिश्वासबाबूंच्या हातात दिलं. काकांनी ओल्या कपड्यांनिशी पेटी उघडली.

उपासना संपल्यावर मावशी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायचं काम तुमच्याकडे."

बिश्वासबाबू गडबडले. "पुढच्या रविवारी मी नाही. सहकुटुंब पुरीला चाललोय. सुट्टी आहे."

"जा की. बदली देऊन जा."

ते हसले, आम्हीही हसलो आणि छत्र्या शोधायला लागलो.

*

पुढचा रविवार. मावशी पहिल्या बाकावर, काका पेटीवर, मी फोन बंद करून बसलेली. पहिलं गीत सुरू होणार एवढ्यात दारात गायनमंडळाचे मास्तर तापसबाबू उभे. मला वाटलं, हॉल मागायला आले. मावशींनी माझा हात घट्ट धरला.

तापसबाबूंनी चपला काढल्या, आत आले, आणि थेट काकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"बिश्वासदा पुरी गेछेन," ते म्हणाले. "आमि बदली."

गायकवाड काकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पेटीवरून उठले, जागा करून दिली, आणि खिशातून फोन काढून पुण्याचं तिकीट बघायला लागले.